जोमाच्या डोणीतले मिशाळ

जोमा, तुझ्या मयताला जेवढी माणसं आली तेवढी माझ्या मयताला येणार नाहीत. हा विचार मला तिथंच आला, उलव्याच्या खाडीकाठी, तुला खांद्यावरून खाली उतरवल्यावर. लाज वाटली, पण विचार काही गेला नाही. पनवेलची माणसं होती, तळोज्याची होती. ओहोटीमुळे होडी लागेना, म्हणून गुडघाभर चिखल तुडवत आलेली माणसं होती. माझी पहिली नेमणूक तुझ्याच गावच्या शाळेत होती. तिथं ज्यांना मी बाराखडी घोटायला लावली ते आता बाप्ये झालेत, आणि ते हुंदके देऊन रडत होते. त्यांतल्या एकालाही मास्तरांना सावलीत जागा करून द्यावी असं वाटलं नाही. तुझ्या चितेपुढे उभा राहून मी माझा मान मोजत होतो. तू असतास तर हे लगेच ओळखलं असतंस आणि मला कोपरानं ढोसलं असतंस.

आता दिवसकार्यही होऊन गेलं. तुला लिहायला बसलोय ते रडण्यासाठी नाही, रडणारे तुला पुष्कळ मिळाले. मला तुझ्याशी थोडं भांडायचं आहे, आणि एक गोष्ट सांगायची आहे जी मी पाच वर्षं गिळून बसलोय. ती सांगायला तू जिवंत असताना माझी जीभ उचलली नाही. भांडण आधी करतो, ते मला सोपं जातं.

आपण साडू. तुझी हिरा आणि माझी यमुना सख्ख्या बहिणी, यमुना थोरली. तुझं लग्न व्हायच्या आधी तीन वर्षं तळोज्याच्या सासुरवाडीत मी एकटा जावई होतो आणि ती वर्षं फार चांगली होती. मी गेलो की मामा, म्हणजे आपले सासरे, शेजारच्या घरातून लोखंडी खुर्ची मागवायचे. मी खुर्चीवर आणि ते उभे. मॅट्रिक झालेला, शाळेत मास्तर असलेला जावई त्या पाड्यात दुसरा नव्हता. मग तू आलास. पहिल्याच दिवशी सारवलेल्या जमिनीवर फतकल मारून बसलास, थोड्या वेळानं उठून थेट चुलीपाशी गेलास आणि सासूबाईंच्या पुढची विळी ओढून घेऊन निवट्यांची मासळी साफ करायला लागलास. सासूबाई हसायला लागल्या. मामा आत गेले ते तुझ्याजवळ जमिनीवरच बसले. ओटीवर खुर्चीत मी एकटा उरलो.

त्याच दिवशी तू मला 'तू' म्हणालास. मी शिकलेला, नात्यानं थोरला, आणि तू शेताच्या बांधावर माती लोटणारा, कालचा आलेला माणूस. घरी आल्यावर यमुनेला म्हटलं, तुझ्या मेव्हण्याला बोलायची पद्धत नाही. ती म्हणाली, आपल्यात सगळे एकमेकांना तूच म्हणतात, तुम्हीच तेवढे शाळेत जाऊन बिघडलात. तुला 'तू' म्हणायला मला पुढे सहा वर्षं लागली.

माशांचं वेड मात्र माझं होतं. हे लिहूनच ठेवतो, कारण आता उलव्यात कुणालाही विचारलं तर ते तुझंच होतं म्हणून सांगतील. आपल्या लोकांत मासा म्हणजे कालवणात नाहीतर वाळणीवर. जिवंत मासा घरात ठेवून त्यालाच खायला घालणारा पहिला येडा मी. मे महिन्याच्या सुट्टीत मुंबईला गेलो की क्रॉफर्ड मार्केटजवळच्या एका माशांच्या दुकानात मी तासन्‌तास उभा असायचो. तिथंच मला हे दिसले. बोटाच्या दोन पेरांएवढे, तळाशी रेती हुंगत फिरणारे, तोंडाला मिशा. अंगावर खवले नाहीत, घरावर कौलं चढवावीत तशा दोन ओळींत कडक पट्ट्या. दुकानदार म्हणाला, हे दक्षिण अमेरिकेतल्या नद्यांमधले, विमानातून येतात, आणि ही पट्ट्यांची भानगड म्हणजे त्यांचं चिलखत. मी दहा घेतले. तेलाच्या डब्यात पाणी भरून, डबा मांडीवर घेऊन एसटीनं पनवेलला आलो. उतरलो तेव्हा कमरेखाली सगळा भिजलेला होतो.

मी त्यांना 'चिलखती' म्हणायचो. शब्द चांगला होता, मला तो शोधायला दोन दिवस लागले होते. तू ओटीवर आलास, टाकीत डोकावलास आणि म्हणालास, "ये तं मिशाल हायेत." दुसऱ्या दिवसापासून यमुनासुद्धा त्यांना मिशाळ म्हणायला लागली. मीही म्हणायला लागलो.

पुस्तक माझ्याकडे होतं. फूटपाथवरून घेतलेलं, इंग्रजी, मासे पाळण्यावरचं. शेजारी डिक्शनरी ठेवून मी ते दोनदा वाचलं. लिहिणारा थंड देशातला साहेब, त्याला काळजी एकच, पाणी गार पडू नये. म्हणून मी टाकीखाली कंदील लावून ठेवायचो. पनवेलच्या वैशाखात. मासे सारखे वर येऊन हवा घेऊन जायचे आणि मी यमुनेला सांगायचो, बघ किती खुशीत आहेत. मग त्यांच्यातल्या दोघांच्या अंगावर पांढरी बुरशी धरली. तेव्हा आपल्यातला कुणीही जे करेल तेच मी केलं. मी मिठागरावर वाढलेला माणूस. आमच्या घरात घसा बसला की मीठ, पाय कापला की मीठ, पोट फुगलं की मीठ. मूठभर खडे मीठ टाकीत टाकलं. दुसऱ्या दिवशी ते दोघेही उलटे तरंगत होते आणि संध्याकाळपर्यंत एक धडधाकटही गेला. मग पुस्तक उघडलं, तर एका कोपऱ्यात बारीक अक्षरात लिहिलं होतं की या जातीला मीठ सोसत नाही.

उरलेल्या सातांतले चार मी तुला दिले. गोवा सुटला त्या वर्षीची गोष्ट. सासुरवाडीत चारचौघांत दिले आणि मोठेपणा मिरवला, पण का दिले ते आज सांगतो. ते चार रद्दी होते. माझ्या जाळीत काटे अडकून त्यांचे पोहायचे पर फाटले होते, टाकीतल्या टोकदार खडीवर घासून मिशा झिजून गेल्या होत्या. मरणार आहेत तर माझ्या ओटीवर नकोत, एवढाच माझा विचार. देताना मी तुला एकच गोष्ट बजावली. काहीही कर, पण मीठ घालू नकोस, मीठ म्हणजे यांना विष. तू मान हलवलीस आणि डबा डोक्यावर घेऊन निघून गेलास.

तुझ्या घरामागे जांभळीखाली बैलांना पाणी पाजायची जुनी दगडी डोणी पडून होती. तिच्यात तू ते सोडलेस. पुस्तक नाही, काच नाही, कंदील नाही. नदीची मऊ रेती चाळून आणलीस. त्यांना उचलायचं झालं तर जाळी न घेता करवंटीनं उचलायचास. शिंगाळा माशाचा काटा जाळ्यात कसा रुततो हे ज्यानं लहानपणापासून पाहिलंय त्याला हे कुणी शिकवावं लागत नाही. मीही त्याच खाडीवरचा, मला मात्र सुचलं नव्हतं. दोन-तीन महिन्यांत त्यांच्या मिशा परत आल्या. मी पाहिलं आणि म्हटलं, ठीक आहेत. यापेक्षा जास्त कौतुक माझ्या तोंडून निघेना.

मग एके दिवशी तू माझ्या शाळेच्या खिडकीत येऊन उभा राहिलास. उलव्याहून पनवेलपर्यंत चालत आला होतास. माझा भागाकाराचा तास चालू होता. साऱ्या वर्गाला ऐकू जाईल असं तू म्हणालास, "मास्तर, मिशालनी अंडी घातली." मी म्हटलं, थांब. आणि जो भागाकार दहा मिनिटांत संपला असता तो घंटा होईपर्यंत लांबवला. तू बाहेर उन्हात उभा होतास आणि मधूनमधून पोरांकडे बघून हसत होतास. पोरंही हसत होती. मी दोघांना छडी दिली.

येऊन पाहिलं. डोणीच्या आतल्या अंगाला, पाण्याखाली, वरीच्या दाण्यांएवढी अंडी ओळीनं चिकटवलेली होती. मादी पोटाखालच्या दोन परांची ओंजळ करून त्यात अंडी नेत होती आणि दगडावर लावत होती, आधी तोंडानं तो दगड साफ करून. इतकं देखणं काही मी जन्मात पाहिलं नव्हतं, आणि ते माझ्या घरी घडलं नव्हतं. मी विचारलं, काय केलंस? तू म्हणालास, काही नाही, चार दिवस पहाटे विहिरीचं गार पाणी काढून थोडं थोडं ओततोय. मग तू माझ्याकडे बघितलंस, अगदी साध्या मनानं. "पानी गार झाला का मासली अंडी घालते. ह्ये तुजे पुस्तकान नाय काय?"

घरी आलो आणि पुस्तक उघडलं. होतं. अगदी त्याच शब्दांत होतं, आणि त्या ओळीखाली पेन्सिलीनं रेघ मारलेली होती. रेघ माझ्याच हातची होती.

त्या दिवशी कंदील उचलला तो पुन्हा टाकीखाली ठेवला नाही. मीही गार पाणी ओतून पाहिलं, आठवडाभर ओतलं. माझ्या तिघांनी ढिम्म काही केलं नाही. पुढे कधीतरी तूच त्यांना बघून सांगितलंस की हे तिन्ही नर आहेत. म्हणजे माद्या मी माझ्या हातानं तुला दान केल्या होत्या.

पिल्लं निघाली. मोठ्यांनी खाऊ नयेत म्हणून तू ती वेगळी काढलीस. खिडकीच्या जुन्या काचा लांबीच्या लगद्यानं जोडून बिस्किटाच्या डब्याएवढी एक पेटी केलीस आणि घरात कोनाड्याजवळ ठेवलीस. त्यात साठ-सत्तर पिल्लं, तांदळाच्या दाण्याएवढी, आणि प्रत्येकाला मिशा. मामा तळोज्याहून काठी टेकत ती बघायला आले. माझी टाकी आठ वर्षं पनवेलच्या ओटीवर होती. बाजाराला येणारे मामा तिच्यावरून किती वेळा गेले असतील, एकदा वाकून बघितलं नाही. तुझ्या पेटीपुढे उकिडवे बसले ते उठेनात. यमुना म्हणाली, जोमाचा हातच वेगळा. मी त्या दिवशी जेवलो नाही. पोट बरं नाही असं सांगितलं आणि ते खोटंही नव्हतं.

पिल्लं तीन आठवड्यांची असताना तुझ्या मुलीचं बारसं झालं. आता जे लिहितो ते नीट ऐक.

घर माणसांनी भरलं होतं. ज्यानं त्यानं आधी पाळण्यावर वाकायचं आणि मग पेटीवर. पंगती उठल्या. तू अंगणात पाहुण्यांच्या हातावर पाणी घालत होतास असं मी धरून चाललो होतो. आत तुझ्या आईनं, जिला मी काकी म्हणतो तिनं, नातीची दृष्ट काढली. मीठ, मोहरी, मिरच्या पाळण्यावरून उतरवून चुलीत टाकल्या. एवढ्या मिरच्या जळूनही कुणाला ठसका लागला नाही, तेव्हा ती म्हणाली, बघा केवढी दृष्ट होती. मग तिची नजर पेटीकडे गेली. एवढ्या डोळ्यांनी यांनापण बघितलंय, हीपण आपलीच पोरं, असं म्हणत तिनं गाडग्यातून खडे मिठाच्या दोन मुठी भरल्या आणि पेटीवरून सात वेळा उतरवल्या. मला वाटलं हेही चुलीत जाईल. पण आपल्याकडे होडीची दृष्ट काढली की ते मीठ चुलीत घालत नाहीत, खाडीत सोडतात. पाण्यावर राहणाऱ्याची दृष्ट पाण्यानंच न्यायची असते. काकीनं माशांना तोच नियम लावला. तिच्या जागी माझी आई असती तर तिनंही तोच लावला असता. ती पेटीवर वाकली.

मी दोन हातांच्या अंतरावर उभा होतो. जोमा, तिनं मुठी सात वेळा फिरवल्या, म्हणजे बोलायला मला भरपूर वेळ होता. 'काकी, थांबा' एवढे दोनच शब्द लागत होते. त्या मिठानं काय होतं हे त्या घरात मीच स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेलं होतं. मी तिच्या मुठींकडे बघत होतो आणि माझ्या मनात आलं, जाऊ दे. मी घाबरलो नव्हतो. मला सुचलं नाही असंही नाही. तुझी पिल्लं मरायला हवी होती मला. काकीनं मुठी उघडल्या, खडे तळाशी जाऊन बसले, आणि मी पान खायला ओटीवर आलो.

दुसऱ्या दिवशी निरोप आला. मी समाचाराला जावं तसा तोंड पाडून आलो. पेटीत नऊ पिल्लं उरली होती. तू म्हणालास, उकाड्यानं मेली, फाल्गुनातच ऊन फार तापलंय. काकी बाजूला बसून जाळं शिवत होती. तिच्याकडे वळून तू म्हणालास, "आये, ही नऊ तुजे मिठानी वाचली." म्हातारी खूश झाली. मला तुझी कीव आली. मीठ म्हणजे विष हे मी तुला बजावलं होतं, आणि तू ते साफ विसरला होतास, असं मला वाटलं. घरी येऊन यमुनेला मी ते हसत हसत सांगितलं. तिला हसू आलं नाही. तुझी पिल्लं का मेली ते तुला कळलंसुद्धा नाही याचाही मला आनंद झाला, तेही लिहून टाकतो.

तो आनंद तू फार दिवस टिकू दिला नाहीस. नवांतली तीन जरा मोठी झाल्यावर करवंटीत घालून, वर ओलं फडकं बांधून, तू माझ्याकडे घेऊन आलास. दोन माद्या होत्या, मुद्दाम निवडून आणलेल्या. "तुजीच हायेत," म्हणालास. मी घेतली. त्या दिवसापासून तू माझ्याकडे जास्तच यायला लागलास आणि का ते मला कळेना. आधी साडू म्हणून यायचास, आता भावाकडे यावं तसा यायचास. टाकीची लांबी सुटली तर न सांगता बसवून जायचास. मला विषमज्वर झाला तेव्हा दर तिसऱ्या दिवशी उलव्याहून येऊन टाकीचं पाणी बदलायचास. मी आत अंथरुणावर पडून ऐकायचो. माझ्याशी चार शब्द आणि माशांशी तासभर गप्पा. त्याचंही मला वाईट वाटायचं. यमुना म्हणाली, तो माशांसाठी येतो असं वाटतं का तुम्हाला? मला तसंच वाटून घ्यायचं होतं.

आपलं एक भांडण अर्धंच राहिलं. मासे माणूस ओळखतात असं तुझं म्हणणं, आणि त्यांना एवढा मेंदूच नसतो असं माझं. तू पाण्यात हात घातलास की ते तळहातावर येऊन बसायचे आणि डोळा खाली फिरवायचे, तू म्हणायचास डोळा मारतात. मी हात घातला की दगडामागे. मी म्हणायचो, तुझ्या हाताला खाडीचा वास येतो म्हणून येतात. तू म्हणायचास, मग तूही कधीतरी चिखलात उतर. हे आपण पाच वर्षं बोललो आणि मला कधी कंटाळा आला नाही. तुझ्याइतकं माझं बोलणं कुणी ऐकूनही घेतलेलं नाही, हे मी आता कबूल करतो. ते ऐकायला आता कुणी नाही आणि मला त्याचा फार त्रास होतोय.

तुला कावीळ झाल्यावर मी तीनदा आलो. तिसऱ्या खेपेला सांगायचं ठरवूनच आलो होतो. तुझे डोळे हळदीसारखे झाले होते. तू आधी विचारलंस की माझे मिशाळ कसे आहेत. मी म्हटलं, बरे आहेत, आणि मग म्हटलं, जोमा, बारशाच्या दिवशी ते मीठ. तेवढ्यात काकी पेजेची वाटी घेऊन आत आली. तू माझं मनगट दाबलंस आणि म्हणालास, "ऱ्हावदे मास्तर." मला वाटलं तुला थकवा आलाय. मी उठलो. खरं सांगू का, सुटलो असंच वाटलं.

परवा मी उलव्याला आलो ते हिरानं बोलावलं म्हणून. डोणीतले सगळे मासे तिनं पितळेच्या कळशीत भरून ठेवले होते. करवंटीनंच भरले असणार. म्हणाली, त्यांनी सांगून ठेवलंय, मिशाळ मास्तरला द्या. मला ते पटेना. तुझा मुलगा आता नऊ वर्षांचा आहे, डोणीवर दिवसभर ओणवा असतो. मी म्हटलं, पोराला द्यायचे सोडून मला का? हिरानं आधी दाराबाहेर बघून घेतलं. काकी अंगणात सुकट पसरत होती. मग हिरा हळू आवाजात बोलली.

"भावोजी, बारशाचे दिवशी आयेनी पेटीन मीठ टाकला, तवा हे दारान उबे व्हते. तुमीबी बगत व्हते. आये बाजारान गेली तवा यांनी सगला पानी बदल्ला, तवर निम्म्याचे वर मेली व्हती. मना बोल्ले, आयेला कदी सांगू नको. आनि बोल्ले, मास्तरला ठाव व्हता, त्यानीच तं मना सांगितलेला, मीठ म्हंजे विष. पन येवढे मानसांन त्यानी माजे आयेचा हात धरला नाय. माजे आयेचा मान राखला. सख्खा भाव असता तं बोल्ला असता."

जोमा, मी तिथंही बोललो नाही. आता हे तुला सांगायला नको, तू दारात उभा राहून माझं गप्प राहणं एकदा बघितलेलंच आहेस. हिरानं पाणी दिलं ते प्यायलो. कळशी उचलली. अंगणात काकीनं मला थांबवून कळशीत डोकावून बघितलं आणि विचारलं, पोरं बरी आहेत ना. मी म्हटलं, बरी आहेत. तिला कधीच कळणार नाही. तू जे झाकलंस ते मी उघडं करणार नाही, एवढं तरी मला करता येईल. हिरालाही काय सांगू? तिच्याकडे तुझं आता जे काही उरलंय त्यात तुझं ते बोलणंही आहे.

म्हणून हे तुलाच सांगतो, कारण चूक तुझी झालीय आणि ती तुझ्याच पदरात घालायला हवी. तू दारातून बघितलंस ते बरोबर बघितलंस. काकी वाकलेली होती, मी जवळ उभा होतो, मला माहीत होतं आणि मी बोललो नाही. पुढचं तू तुझ्या मनानं भरलंस. तू माझ्या जागी असतास तर ज्या कारणानं गप्प राहिला असतास ते कारण तू मला देऊन टाकलंस. आपण दोघंही त्या दिवशी गप्प राहिलो, तू आईसाठी आणि मी जळून. बाहेरून बघणाऱ्याला दोघांचं गप्प राहणं सारखंच दिसलं असतं, म्हणून तर तुलाही फरक कळला नाही.

तुझ्या प्रत्येक गोष्टीवर मी जळलो. आता तू नाहीस, तर वाटलं होतं यातून तरी सुटका होईल. पण हिराच्या तोंडून ऐकल्यापासून मला दुसऱ्याच एका माणसाचा हेवा वाटतोय. तुझ्या मनात एक मास्तर होता. भरल्या घरात त्यानं एका म्हातारीचा मान राखला. त्याच्यासाठी तू दोन माद्या निवडून आणल्यास, त्याच्या तापात तू चिखल तुडवत आलास, मरताना तू तुझे मासे त्याच्या नावावर केलेस. पाच वर्षं तू त्याच्याकडे येत होतास आणि दार मी उघडत होतो. तो माणूस फार चांगला असणार, जोमा. मी त्याला कधी भेटलो नाही.